सरनाईक सरांशी अबोला

“ह्याला सांग, बॉल काढायचा असतो, माणूस न्हाई,” सरनाईक सर इक्बालला म्हणाले.

मी इक्बालच्या शेजारीच उभा होतो. खांद्याला खांदा लागत होता. आणि सरांचा आवाज असा, की पलीकडं कँटीनमध्ये चहा गाळणाऱ्याच्या हातातलं गाळणं हलावं. तरीही इक्बाल माझ्याकडं वळला आणि वकिलाच्या गंभीरपणानं म्हणाला, “सर म्हणत्यात, बॉल काढायचा असतो, माणूस न्हाई.”

“सरांना सांग, मी बॉलच काढला.”

“सर, त्यो म्हणतोय, बॉलच काढला.”

“मग तो पोरगा पिंडरी धरून का बसलाय, ते विचार त्याला.”

इक्बालनं विचारलं. मी म्हणालो, पोरगा नाटकी आहे. इक्बालनं ते सरांना सांगितलं. बाकीची पोरं शांतपणे बूट बांधत होती. हसायचं ते त्यांनी पहिल्या आठवड्यातच हसून घेतलं होतं.

हा काय प्रकार, असं बाहेरचा माणूस विचारील. कोल्हापूरचा विचारणार नाही. तो फक्त एवढंच विचारील, “कुठली पेठ?”

आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे. तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ असतो, संघामागं अख्खी पेठ असते आणि पेठेमागं पिढ्यानपिढ्या तूप घालून जपलेलं वैर असतं. आमची म्हसोबा तालीम. चौक ओलांडला की अजिंक्य तालीम. त्या चौकाची रुंदी म्हणाल तर एक रिक्षा वळेल एवढी, पण तो ओलांडून कुणी कुणाकडं हळदीकुंकवालासुद्धा जात नसे.

माझे वडील, बापू अतिग्रे, एके काळी म्हसोबाचे फॉरवर्ड. मी पाळण्यात असताना म्हसोबा आणि अजिंक्यची फायनल झाली. शेवटची काही मिनिटं राहिली असताना बापू बॉल घेऊन गोलसमोर घुसले, अजिंक्यचा बॅक दौलत सरनाईक आडवा आला, बापू पडले आणि त्यांचा गुडघा कायमचा गेला. पंचांनी पेनल्टी दिली, त्यावर म्हसोबानं कप मारला. बापू पुन्हा कधी खेळले नाहीत. सरनाईकवर दोन वर्षांची बंदी आली आणि महाराष्ट्राच्या संघात झालेली त्याची निवडही त्यात गेली. आमच्या पेठेचं यावर एकच मत होतं, की थोडक्यात सुटला.

दर वर्षी हंगाम तोंडावर आला की तालमीचे म्होरके हिंदुराव तात्या ही कथा नव्या पोरांना सांगत. कथा दर वर्षी अंगानं भरत गेली. मी लहान होतो तेव्हा सरनाईकनं नुसता पाय घातला होता. मी शाळेत जायला लागलो तोवर त्याच्या बुटाला खिळे फुटले होते. कॉलेजात गेलो तेव्हा तर तो आदल्या दिवशी देवाला नवस बोलला होता, की अतिग्रेचा गुडघा मोडू दे, पाच नारळांचं तोरण वाहीन.

आणि एक्क्याण्णव साली आमच्या कॉलेजनं फुटबॉलचा नवा प्रशिक्षक म्हणून नेमला कोण, तर दौलत सरनाईक.

आमचे प्राचार्य लातूरकडचे, संस्कृतचे. त्यांनी अर्ज बघितला, शिबिरांची प्रमाणपत्रं बघितली, उमेदवार स्थानिक आहे म्हणून समाधान व्यक्त केलं आणि सही ठोकली. एवढ्या शिकलेल्या माणसाला पेठ विचारायची सुचू नये, याचं आम्हाला आजही नवल वाटतं.

बातमी घरी पोचायच्या आधी तात्या पोचले. आमचं मिरची कांडपाचं दुकान. बापू काट्यापाशी पाय लांब करून बसलेले, आई आत चाळण धरून. तात्या शिंकत शिंकत आत आले आणि म्हणाले, “बापू, पोराचं कॉलेज बदल.”

“आता? वर्षाच्या मधी?”

“मग काय त्या माणसाच्या हाताखाली खेळवणार? ज्यानं तुझा पाय घेतला, त्यो पोराचा पाय सोडंल?”

मी पोत्यावर बसून ऐकत होतो. मला आयुष्यात त्या वेळी एकच गोष्ट हवी होती, विद्यापीठाच्या संघाची जर्सी. ती तालमीतून मिळत नसते. कॉलेजच्या संघातून खेळायचं, विभागाच्या फायनलपर्यंत जायचं, तिथं निवड समितीची माणसं बसलेली असतात, त्यांच्या नजरेत भरायचं. दुसरी वाट नाही. माझं ते शेवटचं वर्ष होतं.

“तात्या, मला खेळायचंय,” मी म्हणालो.

“तुला कुणी विचारलं का गा?”

बापू काट्याच्या पारड्यावरची मिरची बोटानं सारखी करत राहिले. मग म्हणाले, “खेळू दे त्याला. पण त्या माणसाशी बोलायचं न्हाई. एक शब्द न्हाई.”

“न बोलता कसं खेळायचं, बापू?”

“फुटबॉल पायानं खेळत्यात.”

तात्यांना हे पसंत पडलं. पेठेची इज्जत राहिली आणि पोरगंही खेळलं. आई आतून म्हणाली, “मी सांगतो बघा, ह्यातनं काय तर भलतंच निघणार.” पण तिला कोण विचारतो.

अशा रीतीनं इक्बाल शिकलगारच्या गळ्यात हे लोढणं आलं. इक्बाल आमचा गोलकीपर, त्याची पेठ तिसरीच, त्यामुळं दोन्हीकडं चालायचा. सरनाईक सरांना अबोल्याचा नियम त्यानंच जाऊन सांगितला. मला वाटलं होतं, माणूस भडकेल, प्राचार्यांकडं जाईल. सर फक्त म्हणाले, “बरं. त्याला सांग, उद्या सहाला मैदानावर. आणि तूही ये, न्हाईतर त्याला कळणार कसं?”

बिचारा इक्बाल. गोलकीपरला एवढं पळायला लागत नाही, पण त्या वर्षी संघात सगळ्यात जास्त तोच पळाला. सर तिकडच्या गोलपाशी ओरडणार, “त्याला सांग, गाढवासारखा पळतोस.” इक्बाल धापा टाकत माझ्याकडं येणार आणि म्हणणार, “सर म्हणत्यात, पळतोस छान, थोडं बघून पळ.” मी दोन्ही ऐकलेलं असायचं. तरी मी म्हणायचो, “सरांना सांग, आभारी आहे.”

एकदा इक्बाल तापानं पडला. आता काय करणार, म्हणून मी जरा मजेतच मैदानावर गेलो. सर आले, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ गोलच्या खांबापाशी गेले आणि खांबाला म्हणाले, “डावीकडचा फॉरवर्ड आत वळताना तू फार पुढं येतोस. एक पाऊल मागं राहा.” लेकी बोले सुने लागे ही म्हण मी आईच्या तोंडून ऐकली होती. फुटबॉलच्या मैदानावर ती पहिल्यांदाच बघत होतो. मी पण कमी नव्हतो. मी दुसऱ्या खांबापाशी गेलो आणि त्याला सांगितलं, की मागं राहिलं तर मधला माणूस मोकळा सुटतो. सर आपल्या खांबाला म्हणाले, “हे बरोबर आहे.”

त्या दिवशी घरी जाताना मला उगाचच बरं वाटत होतं. मग आठवलं, की हा माणूस आपला वैरी आहे, आणि बरं वाटायचं बंद केलं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा तर आमच्या पेठेला ऐकवावी अशी. माझ्यासारख्या बॅक लोकांना ते हात पाठीमागं बांधून खेळायला लावायचे. समोरचा बॉल घेऊन आला की अंगावर जायचं नाही, पाय लांब फेकायचा नाही, आपला पाय आपल्या अंगाखाली ठेवायचा आणि वाट बघायची. “बॉल त्याच्या पायापासून सुटला, की तुमचा. तोवर त्याला हात लावायचा न्हाई, पाय लावायचा न्हाई, फुंकरसुद्धा मारायची न्हाई.” कसायानं शाकाहारावर कीर्तन करावं तसं ते चालायचं. मी इक्बालला म्हणालो, “सरांना विचार, हे ज्ञान त्यांना कधी झालं? फायनलच्या आधी का नंतर?”

इक्बालनं माझ्याकडं बघितलं. “हे मी सांगणार न्हाई.”

“सांग.”

सरांनी ऐकलंच होतं. ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि वाकूनच म्हणाले, “नंतर.”

संघात म्हसोबाची पोरं होती तशी अजिंक्यचीही होती. पूर्वी पास द्यायचा तर आधी पेठ बघायची आणि मग मोकळा माणूस बघायचा, अशी आमची पद्धत. त्यामुळं आमचं कॉलेज दर वर्षी पहिल्याच फेरीत मोठ्या इज्जतीनं बाहेर पडत असे. सरांनी जाहीर केलं, की पेठ बघून पास देणारा बाहेर बसेल. पहिला बाहेर बसला तो त्यांचा सख्खा पुतण्या. तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “डाव असणार त्याचा.” कसला डाव, ते त्यांनाही सांगता येईना, पण डाव होता एवढं नक्की.

आणि आम्ही जिंकायला लागलो. सांगली झाली, इचलकरंजी झाली, कऱ्हाडात तर त्यांच्याच मैदानावर त्यांना गोल करू दिला नाही. मी हात मागं बांधल्यासारखा खेळत होतो आणि लोक म्हणत होते, अतिग्रेचं पोरगं सुधारलं.

घरी रोज संध्याकाळी जबानी व्हायची.

“बोललास त्याच्याशी?”

“न्हाई.”

“त्याचं नाव घेऊ नको माझ्यापुढं,” बापू म्हणायचे, आणि लगेच, “आज काय शिकवलं त्यानं?”

मी सांगायचो. हात मागं, पाय अंगाखाली. बापू ऐकायचे. कांडप बंद केलेलं असायचं, तरी हवेत तिखट असायचं, त्यामुळं त्यांचे डोळे कायम लाल. एकदा त्यांनी विचारलं, “माझं काय काढतो का कधी?”

“न्हाई.”

“कधीच न्हाई?”

“एकदा मीच टोचून विचारलं, फायनलचं. तर एका शब्दात गप्प झाला.”

“काय म्हणाला?”

मी सांगितलं. बापूंनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि आईला म्हणाले, “जेवायला वाढ.” मला वाटलं, जुना राग वर आला. रागाचं तोंड मला ओळखता येतं अशी माझी समजूत होती.

विभागाची फायनल कोल्हापुरातच होती. समोर मिरजेचं एक कॉलेज. कॉलेजची मॅच बघायला एरवी कुत्रं फिरकत नाही, पण त्या दिवशी दोन्ही पेठा लोटल्या. एका बाजूच्या पायऱ्यांवर म्हसोबा, दुसऱ्या बाजूला अजिंक्य, आणि दोघांनाही प्रश्न पडलेला, की ओरडायचं कुणाच्या नावानं? म्हसोबावाल्यांना मी जिंकायला हवा होतो आणि सरनाईक हरायला. एकाच मॅचमध्ये दोन्ही कसं साधायचं, यावर तात्या विचार करत बसले होते. बापू काठी घेऊन त्यांच्या शेजारी. मांडवात निवड समितीची तीन माणसं, समोर लिंबू सरबत.

मी बरा खेळलो. बरा म्हणजे काय, आयुष्यात तसा पुन्हा खेळलो नाही. त्यांचा दहा नंबरचा फॉरवर्ड उंच, गोरापान, केस सारखे मागं घेणारा. मध्यंतरापर्यंत त्याला मी एकदाही वळू दिलं नाही. समितीतला टोपीवाला माणूस माझ्याकडं बोट करून शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मध्यंतरात सर इक्बालला म्हणाले, “त्याला सांग, असाच.” इक्बालनंही त्यात स्वतःचं काही घातलं नाही.

शेवटी शेवटी, गोल कुणाचाच नाही, अशा वेळी तो दहा नंबर बॉल घेऊन आमच्या डीमध्ये, गोलसमोरच्या चौकटीत घुसला. मी समोर. हात मागं, पाय अंगाखाली. त्यानं बॉल जरा पुढं टाकला, जास्तच पुढं गेला, आता बॉल माझा, असं मी म्हणेपर्यंत त्याचा स्वतःचा एक पाय स्वतःच्याच दुसऱ्या पायात अडकला आणि तो माझ्यापासून हातभर लांब आडवा झाला. झाला तो झाला, वर कापल्या कोंबडीसारखा ओरडला.

शिट्टी वाजली. पंच पळत आले, एका हातानं पेनल्टीची जागा दाखवली आणि दुसऱ्या हातानं खिशातून लाल कार्ड काढलं.

मला आधी काही कळलंच नाही. मी मागं वळून बघितलं, कुणाला दाखवतोय म्हणून. मागं इक्बाल होता आणि तो डोक्याला हात लावून खाली बसला होता.

“साहेब, मी लावलाच न्हाई पाय.”

“बाहेर.”

“साहेब, देवाशप्पथ. हातभर लांब होतो.”

“बाहेर जा म्हटलं ना.”

लाल कार्ड म्हणजे नुसती ती मॅच नव्हे. लाल कार्डावर पुढच्या सामन्यांची बंदी, आणि बंदी असलेल्या पोराची निवड होत नाही. मांडवात टोपीवाल्यानं पेला खाली ठेवून हात झटकले. मी तसाच उभा राहिलो असतो, पण रेषेवरून आवाज आला.

“उमेश, वाद घालू नको. ये बाहेर.”

सरनाईक सर. थेट मला. मी चालत त्यांच्यापर्यंत गेलो आणि बापूंना दिलेला शब्द तिथं रेषेवर पडला तो पडलाच.

“सर, मी न्हाई लावला पाय. तुम्ही बघितलं का न्हाई?”

“बघितलं. लावला न्हाईस.”

“मग सांगा की पंचांना. तुम्ही कोच आहात.”

“मी सांगून?” ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “अरे, ह्या गावात मी सांगायचं, की पाय लागला न्हाई म्हणून? तुझ्याच पेठेला विचार, माझ्या शब्दाला काय भाव आहे ते.”

मला रडू आलं. वीस वर्षांचा घोडा, दोन पेठांसमोर रडत होतो आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. माझं सगळं संपलं होतं.

तेवढ्यात म्हसोबाच्या बाजूला गलका झाला. बापू पायऱ्या उतरत होते. एका पायानं पायरी, मग काठी, मग दुसरा पाय. मागून तात्या आणि दहाबारा पोरं. तात्यांचा चेहरा असा फुललेला, जणू इतकी वर्षं याच दिवसासाठी ते जगले होते. “आला बघा बापू. सरनाईका, आता तुझी खैर न्हाई,” असं ते मागून सांगत होते. अजिंक्यची पोरंही उठली. बापू रेषेपर्यंत आले, सरांच्या समोरून गेले, त्यांच्याकडं बघितलं नाही, आणि तसेच आत मैदानात पंचांपर्यंत गेले.

“माझ्या पोरानं पाय लावला न्हाई,” ते म्हणाले.

“आपण कोण?”

“बाप.”

“बाप असंच म्हणणार,” पंच म्हणाले. सगळे हसले. तो दहा नंबरही बसल्या बसल्या हसला.

“मी बाप म्हणून सांगत न्हाई,” बापू म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मैदान एकदम शांत झालं, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. “पाय लागून जो पडतो, तो पाय लावणाऱ्याकडं बघतो. शिव्या देतो, मारायला बघतो. आपणहून जो पडतो, तो आधी पंचाकडं बघतो. हे पोरगं तुमच्याकडं बघत होतं.”

“असं कुठल्या नियमात आहे हो?”

“नियमात न्हाई. मला म्हाईत हाय. त्या फायनलला मीपण पंचाकडंच बघितलं हुतं.”

तात्या म्हणाले, “बापू, काय बोलतोस?”

“खरं बोलतोय. गोलसमोर उंदरानं उकरलेलं बीळ हुतं, माझा पाय त्यात गेला. दौलत माझ्यापासनं दोन हात लांब हुता. गुडघा मोडला त्यो माझा मीच मोडला. पंचाकडं बघितलं, त्यानं शिट्टी मारली. दवाखान्यात डोळं उघडलं तर अख्खी पेठ खाटंभोवती उभी, आणि तात्या, तुम्ही कप माझ्या उशाला ठेवलेला. मग सांगायचं तरी कुणाला?”

मी बापूंकडं बघत होतो. लहानपणापासून त्यांचं ते लंगडणं मी मिरवलं होतं, शाळेत त्यावरून मारामाऱ्या केल्या होत्या. मला राग आला, कीव आली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला, कारण हे सगळं ते माझ्यासाठी बोलत होते.

पंचांनी घड्याळ बघितलं. “तुमचं बरोबर असेलही,” ते म्हणाले, “पण शिट्टी वाजलेली आहे.”

झालं. शिट्टी वाजली की वाजली. पेनल्टी झाली, इक्बाल उजवीकडं पडला, बॉल डावीकडून गेला, आम्ही हरलो. विद्यापीठाच्या संघात त्या वर्षी कोल्हापूरकडचा कुणी गेला नाही. तो दहा नंबर गेला. पडायचा छान, त्याबद्दल वाद नाही.

पेठेनं काय केलं तेही इथंच सांगून टाकतो. तालमीत बैठक भरली. खरं बोलला म्हणून माणसाला वाळीत टाकलं तर जगात हसं होतं. म्हणून आधी असं ठरलं, की बापू पोराच्या निवडीपायी खोटं बोलले, आणि मग त्यांना वाळीत टाकलं. तात्यांनी कप कपाटातून काढला नाही, उलट पॉलिश करून आणला. आमच्याकडं पेठेतली मिरची यायची थांबली. पुढं चौकापलीकडच्या बायका डबे घेऊन यायला लागल्या, पण त्या भाव फार करायच्या, असं आई म्हणायची. हंगामाच्या तोंडावर ती कथा अजूनही सांगतात. त्यात आता सरनाईकनं बापूंवर काहीतरी करणी केली असं आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मैदान रिकामं झालं तेव्हा बापू खालच्या पायरीवर पाय लांब करून बसले होते आणि घरी यायला तयार नव्हते. सर गोलची जाळी सोडवत होते. इक्बाल सवयीनं दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, तर बापू म्हणाले, “तू सरक बाजूला.”

सर जाळी गुंडाळत गुंडाळत जवळ आले. दोघांचे केस पांढरे व्हायला लागले होते. एवढ्या जवळून त्यांनी एकमेकांना शेवटचं पाहिलं ते त्या फायनललाच.

“दौलत,” बापू म्हणाले, “इतकी वर्षं गप्प का बसलास?”

“गप्प?” सरांनी जाळी खाली ठेवली. “मी कधी गप्प बसलो? पंचांना सांगितलं. कमिटीला सांगितलं. दवाखान्याच्या दारापर्यंत आलो हुतो, तुझ्या तात्यानं काठी घेऊन पळवलं. माझ्या तालमीत सांगितलं, तर आमची माणसं म्हणाली, लावलास तर लावलास, बरं केलंस, त्यात लपवायचं काय? लग्न झालं तवा बायकोला सांगितलं. ती म्हणाली, झालं गेलं सोडा, माणसाच्या हातनं चूक होती.”

बापूंनी काठी पायरीवर आडवी ठेवली.

“मग एकट्यानं किती दिवस धरून ठेवायचं?” सर म्हणाले. “मीच आठवून बघायला लागलो. एवढं गाव म्हणतंय, तर लागला असंल. मुद्दाम न्हाई, पण लागला असंल. अलीकडं तर डोळं मिटलं की मला दिसायचंच. माझा पाय, तुझा गुडघा. आवाजसुद्धा यायचा.”

“दौलत, न्हाई रं.”

“मला काय म्हाईत? आज तू बोललास तवा कळलं. तुझं पोरगं माझ्या हाताखाली आलं तेव्हाच ठरवलं हुतं, हंगाम संपला की तुझ्या दारात यायचं आणि तुझे पाय धरायचे. बायकोनं नारळ आणून ठेवलाय. देवापुढं ठेवलाय, दोन महिने झाले.” त्यांनी बापूंच्या गुडघ्याकडं बघितलं आणि मग बापूंकडं. “त्या नारळाचं आता काय करायचं, तेवढं सांग.”